माइकशेजारी ठेवायचा संगणक

ताईंनी आणलेली यादी गेमरने केली असावी अशी होती. कोअर आय९-१३९००के प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड, तीन पंख्यांचा लिक्विड कूलर, समोरून काच असलेली कॅबिनेट आणि साठवणुकीला मोठी हार्ड डिस्क. मी संगणक जोडून देतो. यादी कुणाचीही असो, सुट्या भागांवर बोलण्याआधी मी काम विचारतो.

"मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घरीच. माइक आणि संगणक एकाच खोलीत," ताई म्हणाल्या.

मग ती यादी बाजूलाच ठेवावी लागली. तो प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जातो, कार्ड ३२० वॅटचं. संगणकात शिरलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायला पंखे लागतात आणि पंखे माइकला ऐकू येतात. श्राव्य पुस्तकांसाठी मागची गुणगुण उणे ६० डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलेलं असतं (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी, आकडा जितका उणे तितकी शांतता). ताईंचा जुना संगणक त्यातच नापास होत होता.

"पण साधा प्रोसेसर घेतला आणि पुढे कमी पडला तर?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही हिशेबच मांडला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनेलचं तासभराचं रेकॉर्डिंग ५१८ एमबी भरतं. एवढं लिहून घेणं कुठल्याही एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, जड नाही. एका आवाजाची काटछाट आणि साफसफाई करायला सहा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले सहा काम करणारे गाभे, पुरून उरतात. आम्ही सहा कोअरचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर ठरवला. तो ६५ वॅटच्या वर्गातला, मर्यादा ८८ वॅटची, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज वाचवणारा इको मोड लावला की आणखी खाली येतो. शिवाय पडद्यापुरतं ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे, त्यामुळे वेगळं कार्ड आणि त्याचे पंखे दोन्ही गेले. डीडीआर५ रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घेतली, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात.

हार्ड डिस्क काढायला मात्र त्या तयार नव्हत्या. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजेच १२० हर्ट्झची सततची घरघर. ती टेबलातून माइकच्या स्टँडपर्यंत चढते. हे मी त्यांना टेबलावर तळवा ठेवायला सांगून दाखवलं, आणि त्यांनी स्वतःच यादीतल्या डिस्कवर काट मारली. तिच्या जागी थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी आली, तीही पीसीआयई या जोडणीच्या ४.० पिढीची. ५.०च्या डिस्क जास्त तापतात, काहींच्या डोक्यावर तर पंखाच असतो.

थंड ठेवण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण माझ्या मते अशा संगणकाची खरी निवड तिथेच होते. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणून थोडे मोठे पंखे सावकाश फिरवायचे. लिक्विड कूलरचा पंप कायम चालूच राहतो, त्यापेक्षा १६५ मिलिमीटर उंचीचा एअर कूलर बरा. मात्र कॅबिनेटमध्ये तेवढी उंची मावते का, हे आधी पाहिलं. कॅबिनेट काचेची न घेता समोर जाळीची घेतली. बंद तोंडाच्या पेटीत पंख्यांना जोर लावावा लागतो.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा, कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारा.

जोडणी झाल्यावर ताई स्वतःचा माइक घेऊन आल्या. मोजमाप चांगलं आलं, पण हेडफोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "दादा, वर कुठेतरी बारीक शीळ आहे." मला नुसत्या कानाने काही कळेना. त्या मजकूर सरकवत गेल्या की शीळ बदलायची. तेव्हा लक्षात आलं, ही कॉइल व्हाइन. विजेचा भार झटपट बदलला की आतली वेटोळी थरथरतात. पंखे काही सेकंद बंद केले तरी शीळ होतीच, म्हणजे पंख्यांचा दोष नव्हता. आता उरले मदरबोर्ड आणि एसएमपीएस.

मी दुसरा एसएमपीएस लावला. हे करताना केबलही सगळ्या बदलल्या. मोड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलचं एसएमपीएसकडचं टोक बाहेरून सारखं दिसलं तरी आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. जुनी केबल तशीच ठेवली तर डिस्क किंवा बोर्ड क्षणात जळू शकतो.

शीळ गेली. ताईंनी एक उतारा वाचला आणि मागची पातळी उणे ६० च्या बरीच खाली आली. पहिला एसएमपीएस वॉरंटीत परत गेला. 'गोल्ड'चा शिक्का त्याच्यावरही होता, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आवाजाचं काही सांगत नाही.

निघताना मी त्यांना समोरच्या जाळीचा फिल्टर काढून दाखवला. तो धुळीने भरला की पंखे आपोआप वेग वाढवतील आणि पातळी पुन्हा वर चढेल. ग्राफिक्सचा स्लॉट रिकामाच आहे. पुढे व्हिडिओचं काम आलं तर कमी भारावर पंखे थांबवणारंच कार्ड घ्या, आणि विकत घेण्याआधी या ५५० वॅटवर ते भागेल का हे मला विचारा, असं सांगितलं.