धातूंची वही: ऐन-लाम-क़ाफ, चिकटणं

वहीतला एकविसावा अरबी धातू, म्हणजे शब्द जिथून फुटतात ते तीन अक्षरांचं मूळ; इथे ऐन, लाम, क़ाफ. दोन रविवार लागले, त्यातला पहिला माझ्या कानामुळे फुकट गेला. शेवटचं अक्षर घशातल्या ‘क़’ऐवजी साध्या ‘क’ने लिहिलं आणि हान्स वेरच्या अरबी शब्दकोशात सापडलं ‘इल्क’, म्हणजे चघळायचा डिंक, आजचं च्युइंगगम. डिंक चिकटतोच की! खूष होऊन अर्धं पान भरलं. तो धातू चघळण्याचा निघाला. कोशात दोघे जवळजवळ शेजारी, मध्ये फक्त ‘अल्क़म’, आपलं कडू वृंदावन.

खरा धातू ‘अलिक़ा’: चिकटला, अडकला, लटकला. मराठीत चिकटणं वेगळं, लटकणं वेगळं. इथे एका टोकाला घट्ट धरलेलं असलं की पुरे, बाकीचं अधांतरी राहिलं तरी चालतं. एवढं डोक्यात बसलं आणि शब्द भराभर लागले. ‘अलक़’ म्हणजे जळवा, तसंच गोठलेलं रक्त. कुराणाच्या ९६व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नाव हेच. ‘उल्लैक़’ हे जाता-येता कपडे धरणारं काटेरी झुडूप. ‘अलीक़ा’ म्हणजे घोड्याचा तोबरा. आणि शाम (सीरियाचा भाग)-इराककडे खाटकाच्या दुकानात ‘मिअलाक़’ मागितलं की काळीज-फुप्फुसं एकत्र मिळतात.

मधला ‘ल’ दुप्पट केला की ‘अल्लक़ा’, टांगलं. त्यातून ‘मुअल्लक़ा’. कैरोतल्या जुन्या रोमन किल्ल्याच्या दरवाज्यावर उभ्या असलेल्या कॉप्टिक (इजिप्शियन ख्रिश्चनांच्या) चर्चचं हे नाव. पण जास्त टोचला तो कुराणातला वापर (४:१२९): एकीकडेच कलून दुसरीला ‘मुअल्लक़ा’सारखी ठेवू नका. धड नांदवत नाही, धड सोडतही नाही, अशी बायको. आपल्याकडच्या ‘टाकलेली’त निदान काहीतरी ठरलेलं असतं.

‘तअलीक़’ म्हणजे टांगणं, आणि मजकुराला लटकवलेली टीपही. आजचे अरब पोस्टखालच्या कॉमेंटला हेच म्हणतात. खाली-खाली उतरत जाणारी फारसी तअलीक़ लिपी हीच. नस्ख ही दुसरी लिपी आणि तअलीक़ मिळून नस्तालीक, उर्दू लिहितात ती.

अरबी व्याकरणात धातूपासून क्रियापदं ठरावीक साच्यांत घडतात; त्यातल्या पाचव्या घडणीतलं ‘तअल्लुक़’ म्हणजे जडलेपण, संबंध. हे फारसीच्या वाटेने आपल्या दारात आलं ते ‘तालुका’ होऊन: कुणाच्या तरी ताब्याला जोडलेला मुलूख. मुंबई इलाख्यातला ‘इलाखा’सुद्धा याच धातूचा. म्हणजे ‘मु. पो., ता., जि.’ लिहिताना शाळेपासून हा धातू गिरवतोय, आणि शोधत बसलो कोशात!

कैरोच्या बोलीतला ‘अल्क़ा’ मात्र अजून कुठे बसवावा कळत नाही. अर्थ चोप. तिथेही तो ‘खातात’, अगदी आपल्यासारखाच. उच्चार करतात ‘अल्आ’, कारण कैरोकर घशातला ‘क़’ गिळूनच टाकतात. तिथल्या माणसाकडून ऐकून लिहिलं असतं, तर च्युइंगगमचा घोटाळा झालाच नसता.