काळे कडे

मंगळवार, रात्र.

आज दुपारी एकाच एमआरआयपुढे मी पाऊण तास बसून होते. बायोप्सीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निश्चित झालेला होता आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना रेडिओलॉजिस्ट म्हणून माझ्याकडून मुख्यतः एवढेच हवे होते, की गाठ गर्भाशयमुखातच आहे की शेजारच्या पॅरामेट्रियममध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींत, शिरली आहे. ती आतच असेल आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. बाजूला शिरली असेल, तर टप्पा 'दोन-बी' ठरतो आणि मग रेडिएशन व त्याच्या जोडीला केमोथेरपी हाच नेहमीचा मार्ग उरतो.

टी-२ प्रतिमांत (एमआरआयमधला प्रतिमांचा एक प्रकार) गर्भाशयमुखाची तंतुमय भिंत काळ्या कड्यासारखी दिसते आणि गाठ राखाडी. कडे सर्व बाजूंनी अखंड असले, की 'बाहेर प्रसार नाही' हे मी बऱ्यापैकी निर्धास्तपणे लिहिते. आज ते डावीकडे तुटल्यासारखे वाटत होते. परंतु गर्भाशयमुख शरीराच्या अक्षाशी तिरके असते आणि मी पाहत होते तो छेद, म्हणजे प्रतिमेतला काप, सरळ आडवा होता. नळी तिरकी कापली तर तिचे तोंड लांबट आणि कड एका बाजूला विरळ दिसावी, तसाच हा प्रकार. गर्भाशयमुखाच्या अक्षाशी काटकोनात घेतलेल्या छेदांत कडे पातळ, पण सलग निघाले. शिवाय बायोप्सी होऊन चारच दिवस झाले होते आणि त्या जखमेची सूजही गाठीसारखी भासू शकते. (आठवडा-दहा दिवस थांबून तपासणी झाली असती तर बरे झाले असते, पण अशा वेळी थांबा असे सांगणे कोणालाच सोपे नसते.) गाठ २.८ सेंटिमीटर भरली, म्हणजे टप्पा 'एक-बी-दोन': गर्भाशयमुखातच असलेली, ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ.

'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गीकरणात २०१८ पर्यंत टप्पा प्रामुख्याने हाताने केलेल्या तपासणीवर ठरत असे, कारण हा आजार जिथे जास्त आहे तिथेच अशी यंत्रे कमी आहेत. त्या वर्षीपासून प्रतिमांनाही अधिकृत स्थान मिळाले, लसिकाग्रंथींतील (लिम्फ नोड्समधील) प्रसाराला 'तीन-सी' हा स्वतंत्र टप्पा मिळाला, आणि आमच्यावरचा भारही वाढला.

कारण ग्रंथींच्या बाबतीत एमआरआय फारसा विश्वासू साक्षीदार नाही. आखूड बाजूने १० मिलिमीटर ही प्रचलित मर्यादा आहे, परंतु सूज आलेली निरोगी ग्रंथी ती ओलांडते आणि कर्करोगाच्या पेशी असलेली ग्रंथी तिच्या आतही राहू शकते. आज उजव्या बाजूची एक ग्रंथी ८ मिलिमीटरची होती, कडा गुळगुळीत, आकार जरा गोलसर. अहवालात आधी 'संशयास्पद नाही' असे लिहिले आणि ते खोडले. मग 'आकाराने मर्यादेच्या आत, आकृती गोलसर, शस्त्रक्रियेच्या वेळी ही ग्रंथी पाहावी' असे लिहून सही केली आणि डॉक्टरांना फोनही केला.