गोव्यात चोडणच्या खाडीत पाण्याचे नमुने घ्यायला जाताय? आधी परवाना, मग तिथी, मग होडी

बारा बाटल्या भरल्या आणि बाराही रिकाम्या घेऊन खानापूरला परतलो. अंग अजून ठणकतंय, त्यामुळे थोडं चढ्या आवाजात लिहितोय. पण माझ्यामागून जाणाऱ्या एकाची तरी फेरी वाया जाऊ नये.

म्हादई आमच्या तालुक्यात देगावजवळ उगम पावते आणि खाली गोव्यात तिची मांडवी होते. २०१८ साली पाणीवाटपाच्या लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कणकुंबीच्या चहाच्या टपरीवर आजही तोच विषय चालतो. पण वरून येणारं पाणी पावसाळ्यानंतर आटत गेलं की खाडीत खारं पाणी किती वर चढतं, हे उगमाकडच्या किती पोरांनी मोजलंय? एमएस्सीच्या प्रकल्पाला मी हाच विषय धरला. ठिकाण चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ला जाहीर झालं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि जवळजवळ सगळं कांदळवन.

चोर्ला घाट, साखळी, रायबंदर, फेरीबोट हा प्रवास छान झाला. त्यात अडकण्यासारखं काही नाही.

अडकलो ते पुढे. पणजीतल्या एका ओळखीच्या एजंटाने फोनवर सांगितलं होतं, "तिकीट काढलं की झालं, पाणीच तर घ्यायचंय. दुपारी बाराला या, होडी तयार ठेवतो." मी विश्वास ठेवला. त्या दिवशी द्वादशी होती. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती आणि सव्वातीनच्या सुमाराला ओहोटीचा तळ. हा हिशेब मला येत होता, तरी मी केला नाही. बाराला निघालो, पावणेदोनला होडी चिखलात रुतली आणि पाच वाजेपर्यंत हलली नाही.

ते सव्वातीन तास विसरता येणार नाहीत. वाटलं, खाली उतरून ढकलू. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत. काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास, आणि तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी तळव्याला टोचतात. चप्पल तिथेच राहिली. समोर निवट्या, म्हणजे चिखलात राहणाऱ्या मासळ्या, चिखलावर उड्या मारत होत्या, पुढच्या परांवर रेलून आमच्याकडे बघत होत्या. त्या बघून थकवा दहा मिनिटं विसरलो, हे खरं. मग ऊन पुन्हा डोक्यावर.

दोन तासांचे अठराशे ठरले होते. सुटल्यावर एजंटाने चार हजार मागितले, "थांबल्याचे" म्हणून. शेवटी तीन हजार दिले. ओहोटीत त्यानेच घातलं आणि भरपाई आम्ही केली. हा माणूस नको. तास, माणसं आणि परतीची वेळ आधी कागदावर घ्या.

धक्क्यावर वनरक्षकाने बाटल्या पाहिल्या. "परमिट खंय?" मी तिकीट दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, हे बघायचं तिकीट, न्यायचं नव्हे. त्याचं बरोबर होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८प्रमाणे अभयारण्यात वैज्ञानिक संशोधनाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. मी एकेक बाटली पाण्यात ओतली. सातव्या बाटलीवरचं "१:१०, ओहोटी" ओल्या बोटांनी पुसलं गेलं तेव्हा घसा दाटून आला.

आणि गोव्याचा परवाना इकडे कर्नाटकात चालत नाही. उगमाकडे भीमगड अभयारण्यात काम करायचं तर अर्ज बंगळूरच्या अरण्य भवनाकडे, वेगळा. कॉलेजचं पत्र, ठिकाणांचा नकाशा, काय आणि किती घेणार याची यादी जोडा. नुसती क्षारता बघायची असेल तर पाणी आणूच नका. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबावरून क्षारता दाखवणारं हातातलं उपकरण, न्या, जागेवर थेंब टाका, आकडा लिहा. मात्र त्यालाही परवाना लागतोच.

पैशाचं. मी उलटं केलं, आधी खर्च आणि मग शोधाशोध. बीएस्सी-एमएस्सीला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर वर्षाच्या ८०,०००पैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. आमच्याकडची पोरं ते सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मार्गदर्शकाकडे काम करण्याची ती सोपी वाट आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर महिना ३७,०००, मग पीएचडीच त्या संस्थेत करा. संवर्धनाचं काम असेल तर ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान बघा, ते नवख्यांनाही देतात. पण कुठेही अर्ज करा, परवान्याची फाइल आधी हलवा. परवान्याविना मिळालेला पैसा माझ्या बाटल्यांसारखा ओतावा लागेल.

मी दोन्ही अर्ज लिहून ठेवलेत, सोमवारी टपालात टाकतोय. परवाना आला की पुढची फेरी अष्टमीची धरणार. सहाला भरती, भांगाचं म्हणजे कमी चढउताराचं पाणी, उजाडताच निघून नऊच्या आत बाहेर. होडीत दोन जागा आहेत. गुडघाभर बूट स्वतःचे आणा, चिखल चप्पल परत देत नाही.