पाचही वेळा बी

आमच्या शाळेत मोठा डिजिटल फळा आहे, पण त्या खोलीची किल्ली बहुधा पाहुणे येणार असले की मगच सापडते. म्हणून सातवीच्या भूगोलाला मी प्लिकर्स हे प्रश्नोत्तरांचे अ‍ॅप वापरते. यात फोन एकट्या शिक्षकाकडे असतो. प्रत्येक मुलाला वेगळ्या काळ्या-पांढऱ्या नक्षीचे कागदी कार्ड मिळते, त्याच्या चार कडांना ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात, आणि आपल्या उत्तराची कड वर धरली की माझ्या कॅमेऱ्यात अर्ध्या मिनिटात अडतीस उत्तरे नोंदली जातात. चकचकीत लॅमिनेशन केले तर ट्यूबलाइटच्या उजेडात नक्षी टिपली जात नाही, हे मला नाशिकच्या रविवार कारंजावरून करून आणलेला पहिला संच वाया घालवून समजले. शेजाऱ्याला उत्तर कळू नये म्हणून कार्डांवरची अक्षरे मुद्दाम बारीक छापलेली असतात, आणि याचे मला फार कौतुक होते.

त्या दिवशी पहिला प्रश्न गोदावरी कोणत्या समुद्राला मिळते हा होता. हात वर करायला सांगितले असते तर नेहमीच्या सहा जणांनी बंगालचा उपसागर म्हटले असते आणि मी पुढे गेले असते. कार्डांनी मात्र निम्म्याहून अधिक वर्ग अरबी समुद्राच्या बाजूचा असल्याचे दाखवले. त्यांची चूकही समजण्यासारखी होती, कारण त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर असताना, पठाराचा उतार पूर्वेकडे आहे म्हणून नदी 1465 किलोमीटर जाते, हे गंगेवर, म्हणजे आमच्याकडे गोदावरीवरच, रोज ये-जा करणाऱ्या मुलांनाही सहज पटत नाही. तो तास त्यातच रंगला.

संध्याकाळी निकाल पाहताना एका मुलीची पाचही उत्तरे बी दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचही बी. “अगं, खेळ वाटतो का हा तुला?” असे मी तिला सगळ्या वर्गासमोर बोलले, आणि ती खाली मान घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिला बोलावून “सी वर धर” म्हटले, तेव्हा तिने कार्ड हात लांब करून डोळ्यांपासून दूर नेले, दोनदा फिरवले आणि कडेवरच्या शाईच्या ठिपक्यावर बोट ठेवले. “बाई, मी हा ठिपका वर धरते. अक्षर नीट दिसत नाही.”

शेवटच्या बाकावरून फळा स्वच्छ वाचणारी मुलगी होती ती. शाळेतल्या नेत्रतपासणीत सहा मीटरवरच्या तक्त्याची शेवटची ओळही तिने वाचली होती, त्यामुळे पुस्तक अडखळत वाचते म्हणजे कंटाळा करते, असे शिक्षकखोलीत सर्वांनी केव्हाच ठरवून टाकले होते. तिच्या आईलाही माझे म्हणणे आधी पटेना. “मॅडम, तिला तर लांबचं आमच्यापेक्षा चांगलं दिसतं.” डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांचा नंबर प्लस साडेचार निघाला. लांबचे पाहताना मुलांचे डोळे जोर लावून हा दोष भरून काढतात, म्हणून लांबच्या तक्त्यावर तो लपून राहू शकतो, आणि जवळच्या बारीक अक्षरांपाशी तो जोर अपुरा पडतो.

चष्मा आला. प्लिकर्सच्याच संकेतस्थळावर ठळक मोठ्या अक्षरांच्या कार्डांचा वेगळा संच आहे, हे मी त्यानंतर पाहिले आणि तो छापून घेतला. फोनमध्ये तिच्या नावासमोर त्या दोन दिवसांची दहा बी अजून आहेत. तिच्या सहावीच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असा शेरा आहे, आणि त्याखालची सही माझी आहे.