घोट्याच्या खालचा कारभार

अंघोळ करून बाहेर आलं की शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटतात, ते कधी नीट बघितलेत काय? टाच उमटते, चवडा उमटतो, बोटांचे ठिपके, आणि मधे आतल्या बाजूला फरशी कोरडीच राहते. माझा ठसा असा, आणि आमच्या आजीचा मात्र भाकरीसारखा अख्खा. तरी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात चिखलात रोप लावायला तीच सगळ्यांच्या पुढं असायची, त्यामुळं सपाट पाय म्हणजे अधू पाय असं कोण म्हणालं तर मला काय पटत नाही बघा.

एका पावलात 26 हाडं, दोन्ही मिळून 52, आणि अख्ख्या अंगात मोठ्या माणसाची 206, म्हणजे पाव हिस्सा घोट्याच्या खालीच की! वर मांडीत एकच, ते पण शरीरातलं सगळ्यात लांब. गुडघ्याखाली दोन. त्यातली नडगी कातडीला लागूनच, पुढून मांस म्हणून नाही, म्हणून लाईट गेल्यावर पलंगाची कड बसली की ब्रह्मांड आठवतं. तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड वजन फारसं पेलत नाही, पण घोट्याचा बाहेरचा उंचवटा त्याचाच, आणि कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागला तर डॉक्टर लोक याचाच तुकडा घेऊन नवीन जबडा बसवतात. पायातलं हाड तोंडात, आता बोला!

पण मला खरं कौतुक पावलाचंच. घोट्यात एक हाड आहे, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, नुसतं मधे बसून वरून आलेलं सगळं वजन टाचेकडं आणि पुढं चवड्याकडं वाटून देतं. आणि एक गंमत आत्ताच करून बघा. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट टेका आणि हातानं फक्त अंगठा वर उचला. आतली कमान आपोआप वर येते. तळव्यातून टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा गेलाय, अंगठा वर वळला की तो ताणतो, टाच आणि चवडा जवळ ओढतो आणि सैल पाऊल घट्ट होतं. राजहंसगड चढताना टाच उचलली की हेच चालू असतं, आपण मात्र दमलो दमलो म्हणत गुडघ्यालाच शिव्या घालतो.

ह्या अंगठ्याची किंमत चप्पल करणाऱ्यांनी बरोबर ओळखलीय. कोल्हापुरीत त्याला अडकवायला वेगळा पट्टा असतो, त्याचं नाव पण अंगठाच. आणि कोल्हापुरी म्हटलं तरी आमच्या अथणी-निपाणीकडं ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. सीमेवरून एवढं रामायण चाललंय, पण जीआय टॅगमध्ये, म्हणजे मालाला त्याच्या मुलखाचं नाव लावायच्या सरकारी हक्कात, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे, गुण्यागोविंदानं एकत्र! नवी असताना चावते ती, खोटं कशाला बोलू. अंगठ्याच्या मुळाशी लाल होतं, थोडं तेल लावून घरात घालून फिरावं लागतं.

आणि घ्यायला जायचं तर संध्याकाळी जावा. दिवसभर चालून पाऊल जरा फुगलेलं असतं, सकाळी फिट्ट बसलेली चप्पल बाजारातून घरी येईपर्यंत नको नको करते.