भर दुपारी बाराचं भूत

मला त्या गावगूढ टाइपच्या कादंबऱ्या भयंकर आवडतात. छोटं गाव, बाहेरून बदली होऊन आलेला कोणीतरी मास्तर नाहीतर फौजदार, गावाला सगळं माहितीये पण कुणी बोलत नाही, आणि जंगलाच्या कडेला ते जे काय असतं ते. तक्रार एकच, धुकं. दरवेळी धुकं, पाऊस, नाहीतर बर्फ. आता मी जळगावकडची, मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आम्ही धुकं आणायचं कुठून?

शिवाय आमच्याकडे रात्रीचं भूत चालायचंच नाही. उन्हाळ्यात सगळी गल्ली गच्चीवर, गाद्या, माठ, कुणाचा तरी मोबाइल वाजतोय, लाइट गेली की या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा सुरू. अशात एखादी हडळ आलीच तर चार बायका आधी विचारणार, कोणाकडची गं तू? भुताला खरा स्कोप दुपारी. जेवणं झाली की गाव जे मिटतं ते चार वाजेपर्यंत, शटरं अर्धी खाली, कुत्री गटाराच्या ओलीत, रस्त्यावर फक्त ऊन. आजी म्हणायची भर बाराला चिंचेखालून जायचं नाही, आणि ती दिवसाच्या बाराबद्दल बोलायची.

दुसरी अडचण म्हणजे त्या पुस्तकांतलं गाव गप्प असतं. आमचं गाव आणि गप्प? एसटीतून उतरलेल्या माणसाला रिक्षात बसेपर्यंत तीन घरांच्या सुनांची माहिती मिळते. पण नीट बघितलं तर गोष्टी लपवायची आमची पद्धतच ही आहे, भरपूर बोलायचं. फौजदार आला तर त्याला भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी सगळं वाढतील, कापसाचा भाव सांगतील, आणि त्याने त्या एका बंद वाड्याचं नाव काढलं की म्हणतील, तुले काय करनं शे भो, आणि भरीत अजून वाढतील. मला हे जास्त भीतीदायक वाटतं.

आणि अमानवी पात्रं तर आमच्याकडे तयारच आहेत. सातपुड्यात अश्वत्थामा अजून फिरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो असं मानतात, दिवाळीच्या सुमाराला अस्तंब्याच्या डोंगरावर त्याची यात्रा भरते. घाबरवत नाही बिचारा, तेल मागतो.

पण माझी फेवरेट कथा बकासुराची. एरंडोलचे लोक आपल्या गावाला एकचक्रानगरी, म्हणजे बकासुराच्या गोष्टीतलं गाव, म्हणतात, जवळ पद्मालयला भीमकुंडही दाखवतात. खरं-खोटं सोडा, महाभारतातली ती गोष्ट या चष्म्यातून परत वाचा, अख्खा जॉनर तिथे आहे. गावाने राक्षसाशी करार केलाय, पाळीने एकेका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. पांडव त्याच गावात राहतायत, रोज दारोदार भिक्षा मागतायत, म्हणजे घराघरात जातायत, आणि एकही माणूस एका शब्दाने सांगत नाही! कळतं कधी, तर ज्या ब्राह्मणाच्या घरी ते उतरलेत त्याचीच पाळी येते आणि कुंतीला आतून रडणं ऐकू येतं तेव्हा. त्यात नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि बोबडं बोलणारं पोरगं हातात गवताची काडी घेऊन म्हणतं हिनेच मारतो राक्षसाला. तो सीन वाचताना हसू येतं आणि पोटात कसंतरीही होतं, हे जमवणं सोपं नाही हो.

पुढे त्या घराच्या बदली भीम जातो, बकासुरासमोर बसून ते अन्न आरामात खातो, त्याला मारतो आणि धूड वेशीपाशी टाकून निघून येतो. आता इथे आजकालचा लेखक काय करेल, तर गावाला जमवून सगळा उलगडा करेल. महाभारतात तसं काही होत नाही. सकाळी लोक धूड बघतात, कालची पाळी कुणाची ते मोजतात, बरोबर त्या ब्राह्मणाच्या दारात येऊन विचारतात. आणि कुंतीने आधीच दम दिलेला, कुणाला सांगायचं नाही. मग तो सरळ थाप मारतो, कोणीतरी एक मंत्रसिद्ध ब्राह्मण आला होता, त्याने केलं. आणि गाव खूश होऊन उत्सव करतं, भीम आत घरातच.