वेल्डरचे डोळे

हॅम्बुर्गला आमची क्रूझ लागली ती एल्बे नदीच्या दक्षिण काठाला, स्टाइनवेर्डरच्या धक्क्यावर. डिसेंबरचा दुसरा आठवडा, पारा शून्याखाली तीन, आणि साडेआठला जेमतेम उजाडलं. शहरात न्यायला बस होती, पण तिच्या रांगेत उघड्यावर पाऊण तास उभं केलं आणि पुढून कुणी एक शब्द सांगायला तयार नाही. आमच्या मागे ऐंशीच्या घरातल्या दोन बायका वाऱ्यात कुडकुडत होत्या. माणशी एवढे पैसे घेतल्यावर निदान आडोसा तरी द्यावा की नाही! नवरा रांगेत थांबला. मी म्हटलं, मी चालत निघते. एल्बेखालच्या जुन्या बोगद्यातून पलीकडे जाता येतं, हे मला ठाऊक होतं आणि मला तोच बघायचा होता.

रस्ता गोदामांचा, रुळांचा, मालट्रकांचा. फुटपाथवर मी एकटी. पण डाव्या-उजव्या हाताला क्रेन दिसत होत्या, गंजलेल्या पत्र्याचा आणि तेलाचा वास येत होता, आणि मला लहानपणीचं डॉकयार्ड रोड स्टेशन आठवत होतं. बाबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. रविवारी आम्हाला न्यायचे ते बागेत नाही, जहाजं दिसतील अशा ठिकाणी.

म्हणून बोगद्याच्या तोंडाशी पोचल्यावर पहिला फोन त्यांना लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते, जेवून आडवे झालेले. नदीपलीकडचं शहर दाखवलं, चर्चचे मनोरे दाखवले. ते म्हणाले, "ते राहू दे, क्रेन दाखव." क्रेन दाखवली. मग गोदीत उभं असलेलं जहाज. ते गप्प बसून बघत राहिले.

लिफ्टपाशी एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे होते. लोकरीची टोपी, पांढऱ्या मिश्या. "मोइन," म्हणाले. इथे सकाळ असो की संध्याकाळ, भेटल्यावर मोइनच म्हणतात. फोनमधले बाबा बघून त्यांनी हात हलवला. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं जर्मन शून्य. पण मी क्रेनकडे आणि मग बाबांकडे बोट दाखवून "वेल्डर" म्हटलं, तशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तेही वेल्डर. बत्तीस वर्षं, इथल्याच गोदीत.

बाबा उठून बसले. "विचार त्यांना, डोळे कसे आहेत?"

मी डोळ्यांकडे बोट नेलं. त्यांनी चष्मा काढला, पापण्या चोळल्यासारखं केलं, मग तळहातावर काहीतरी चिरल्याची खूण केली आणि दोन्ही चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. "कार्टोफेल," म्हणाले. बटाटा!

वेल्डिंगचा प्रखर उजेड, म्हणजे आर्क, डोळ्यांत गेला की रात्री वाळू खुपल्यासारखे डोळे जळतात. शिवडीच्या आमच्या खोलीत बाबा डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून उताणे पडलेले असायचे, आई विळीवर आणखी काप करत बसलेली. मला वाटायचं हे आमच्याच घरचं औषध. बाबा इतके मनापासून हसले की शेजारच्या खोलीतून आई विचारायला आली.

फोन ठेवून आम्ही दोघं लिफ्टने खाली उतरलो. बोगदा 1911 सालचा, जमिनीपासून चोवीस मीटर खोल, लांबी सव्वाचारशे मीटरच्या वर. पलीकडच्या गोद्यांत हजारो कामगार रोज जायचे आणि हिवाळ्यात बर्फ, धुकं असलं की फेरीबोटी अडायच्या, म्हणून खणला. पाणी आत येऊ नये म्हणून दाबाखालच्या हवेत खोदकाम चालायचं. त्या दाबातून बाहेर येताना शेकडो मजूर आजारी पडले, काही गेले. आज चालणाऱ्याला एक पैसा लागत नाही, आणि हे मला फार योग्य वाटलं. ज्यांच्या पायांसाठी वाट केली, त्यांच्याकडून तिकीट कसलं घ्यायचं?

भिंतींना फिकट चकचकीत फरशा आणि मधूनमधून मातीची भाजलेली उठावाची चित्रं: मासे, खेकडे, सील. आजोबांनी मला एका चित्रापाशी थांबवलं. नदीच्या तळाचा एक फाटका बूट, आणि भोवती उंदीर. बुटाची नाडीसुद्धा कोरलेली. रोज पहाटे कामावर जाताना ते या बुटाला बोट लावायचे म्हणे. मीही लावलं. गार होता.

पलीकडे लांडुंग्सब्रुकेनला, बोटींच्या धक्क्यावर, नवरा भेटला. बस माझ्यानंतर वीस मिनिटांनी आली होती. मग श्पाइशरश्टाटची लाल विटांची गोदामं, एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाच्या सदतीस मीटर उंचीवरच्या गच्चीतला बोचरा वारा, दालचिनीचा गोड पाव फ्रान्सब्रोट्शन. धक्क्यावर पावात घातलेला हेरिंग खाल्ला, कच्च्या कांद्यासकट. मासा ताजा होता, पण व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा मला नाही आवडला. त्याला तिरफळ आणि आमसूल हवं होतं.

चारला अंधार पडला. बोट सुटली तेव्हा मी डेकवर होते. बोगद्याचा घुमट मागे पडत होता आणि फोनवर बाबांचा मेसेज आला: त्यांना विचारायचं राहिलं, इलेक्ट्रोड कुठला वापरायचे?